तुमचे प्रश्न : पोरांना उपासनेत बसवायचं की वर्गात धाडायचं?

या वेळची निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत, चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला सगळ्या कुटुंबाने एकत्र बसावं की लहान मुलांना आणि तरुणांना त्यांच्या त्यांच्या वर्गात पाठवावं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच. आणि आधीच सांगून ठेवते, या विषयावर माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी लपवणार नाहीये.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सरळ दोन गट पडलेत. काही कुटुंबं म्हणतात संडे स्कूल (मुलांचे बायबलचे वर्ग), युथ (तरुणांचा गट), नर्सरी सगळं बंद करा, बायबलमध्ये वयाप्रमाणे वर्ग कुठेच नाहीत. दुसरे म्हणतात मोठ्यांचा उपदेश मुलांच्या डोक्यावरून जातो, उगाच कशाला डांबून ठेवायचं. पाळक (पास्टर) साहेब दोघांच्या मध्ये अडकलेत. बायबल नक्की काय सांगतं? – एक कमिटी मेंबर

उत्तर : दादा, बंद करा म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीयेत हे आधी मान्य करूया. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ३१ व्या अध्यायात, मोशे सांगतो की नियमशास्त्र वाचायच्या वेळी सगळ्यांना जमवा, पुरुष, बायका, लेकरं आणि तुमच्यात राहणारे परके सुद्धा. यहोशवा ८ मध्ये तसंच घडतं, योएल २ मध्ये तर अंगावर पिणाऱ्या बाळांनाही सभेला बोलावलंय. आणि इफिसकरांस पत्र घ्या, सहाव्या अध्यायात प्रेषित पौल थेट मुलांशी बोलतो, आईबापांच्या आज्ञेत राहा म्हणून. आता ही पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जायची, म्हणजे मुलं समोर बसलेली असणार हे पौलाने धरलेलंच आहे, नाहीतर तो बोलतोय कोणाशी?

पण बायबलमध्ये वर्ग नाहीत म्हणून वर्ग चूक, हे गणित मला पटत नाही. नहेम्या ८ जरा सावकाश वाचा. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि समोर पुरुष, बायका आणि ज्यांना ऐकून समजेल असे सगळे उभे आहेत, म्हणजे कोणाला कितपत समजेल हा विचार तिथेही झालाय की. पुढे लेवी लोक, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, त्या गर्दीत अर्थ समजावून सांगतात. एकत्र जमणं आणि समजावून सांगणं, दोन्ही एकाच सकाळी. लूक २ मधला बारा वर्षांचा येशू बघा, सणाला आणलाय आईबापांनीच, पण सापडतो कुठे तर मंदिरात गुरुजींच्या घोळक्यात, ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. हा उतारा दोन्ही बाजूचे आपापल्याकडे ओढतात, मला तर दर वेळी हसू येतं.

संडे स्कूलचा इतिहास पण थोडा बघा, तो माहीत नसल्यामुळे अर्धी भांडणं होतात. १७८० मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स नावाच्या, वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने अशी शाळा काढली आणि मग ती कल्पना सगळीकडे पसरली. कोणासाठी काढली? जी पोरं आठवडाभर कामाला जुंपलेली असायची आणि रविवारी रस्त्यावर उंडारायची त्यांच्यासाठी, त्यांना वाचायला शिकवायचं आणि त्यातूनच बायबल. म्हणजे ज्यांना शिकवणारं कोणी नव्हतं अशांसाठी. मंडळीतल्या लोकांची पोरं उपासनेतून उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची हा मुळात उद्देशच नव्हता. वयवार धडे तर अजून खूप नंतरचे, १८७२ मध्ये इंडियानापोलिसच्या अधिवेशनात अमेरिकेतल्या संडे स्कूलवाल्यांनी ठरवलं होतं की एका रविवारी लहानथोर सगळ्यांना एकच पाठ, आणि वयाप्रमाणे वेगवेगळे धडे द्यायला मंजुरी मिळाली ती १९०८ मध्ये. तेव्हा वयवार वर्ग ही काही प्रेषितांपासून चालत आलेली रीत नाही, पण म्हणून ती सैतानाने आणलीय असंही नाही हो, शाळांमध्ये इयत्ता आल्या तशा चर्चमध्येही आल्या, इतकं साधं आहे.

आणि घर आधी हा विचारही आजचा नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत जागोजागी लिहून ठेवलंय की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये घरच्या उपासनेचे नियम काढले, त्यात घरी उपासना न घेणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी खासगीत समज, मग सेशनकडून (मंडळीच्या वडिलांच्या सभेकडून) चांगली कानउघाडणी, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजन बंद! आज सगळं बंद करा म्हणणाऱ्यांपैकी किती जण या नियमात टिकतील हे त्यांनीच ठरवावं. अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फॅमिली इंटिग्रेटेड चर्च नावाने, वयवार वर्ग नकोत, सगळं कुटुंब एकत्र बसू दे म्हणणारी जी चळवळ आली तिने हाच जुना धागा वर काढलाय, फक्त काही ठिकाणी त्याला टोक आलं, की वर्ग चालवणारी मंडळी म्हणजे जणू वचन मोडणारी मंडळी.

माझ्या मते खरा गुंता घड्याळाचा आहे. उपासना आणि वर्ग एकाच तासाला ठेवले की मूल चार वर्षांचं असल्यापासून पंधरा वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसांना गाताना, पापांची कबुली देताना, प्रभुभोजन घेताना, कधी प्रार्थनेत आवाज भरून आलेला असं काही म्हणजे काही बघत नाही, आणि मग एका रविवारी आपण त्याला सांगतो की आता तू मोठा झालास, मोठ्यांच्यात बस, तर त्याला ते परक्याच्या घरी आल्यासारखंच वाटणार ना. वर्ग हवेत, पण ते उपासनेच्या आधी किंवा नंतर. कमिटीत एवढाच ठराव मांडा, सहा महिन्यांसाठी वर्ग तासभर आधी, तीन वर्षांखालच्यांसाठी नर्सरी चालू पण पाठवायचंच अशी सक्ती नाही, आणि जे कुटुंब मुलांना वर्गाला पाठवणार नाही त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघायचं नाही. दोन्ही गट थोडे थोडे नाराज होतील, होऊ देत.

प्रश्न : मी बरीच वर्षं संडे स्कूल टीचर आहे. आमचा वर्ग उपासनेच्या वेळीच असतो, त्यामुळे मला स्वतःला उपासनेत बसायला मिळतच नाही. आता वर्ग बंद करायची चर्चा ऐकून वाईट पण वाटतं आणि खरं सांगू, थोडं सुटल्यासारखं पण वाटतं. हे चुकीचं आहे का?

उत्तर : अगं चुकीचं कसलं! दर रविवारी चर्चमध्ये असूनही उपासना नाही अशी तुझ्यासारखी कितीतरी माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नसतं कारण वर्गाचं काम कसं छान चाललेलं असतं. कोणी विचारतं का की तुला शेवटचा पूर्ण उपदेश ऐकून किती दिवस झाले? म्हणूनच वर म्हटलं की वेळ बदला. तोपर्यंत निदान पाळी तरी लावून घ्या, एकीने लागोपाठ दोन रविवार वर्ग घ्यायचा नाही हा नियमच करून टाका, आणि माणसं मिळत नसतील तर वर्ग महिन्यातून दोनदाच होईल, आभाळ कोसळत नाही. उरलेल्या रविवारी पोरं उपासनेत बसतील, ते तर बरंच झालं.

दोन गोष्टी मात्र पाहिजेतच. एक, कुठल्याही वर्गात कायम दोन मोठी माणसं, आणि ती दोघं नवरा-बायको किंवा एकाच घरातली नकोत, दार उघडं किंवा दाराला काच, आणि मुलांना बाथरूमला कोणी न्यायचं हे आधी ठरलेलं. "आपल्याच मंडळीतला माणूस आहे, त्याच्यावर काय संशय घ्यायचा" हे वाक्य ज्या चर्चमध्ये ऐकू येतं तिथे हा नियम सगळ्यात आधी लागतो. मुलांना इजा करणारा माणूस जवळपास नेहमी ओळखीतलाच असतो, विश्वास मिळवूनच तो जवळ येतो. दुसरी गोष्ट, वर्गातला पाठ आणि उपदेशाचा उतारा एकच ठेवता येतो का बघा. १८७२ वाल्यांची तीच तर आयडिया होती. म्हणजे पोरं आधी वर्गात ती गोष्ट ऐकतात, मग उपासनेत पाळक तोच उतारा उघडतात तेव्हा त्यांचे कान टवकारतात, आणि घरी जाताना आईबापाला वेगळं काही शोधून विचारावं लागत नाही.

प्रश्न : दोन पोरं आहेत, तीन आणि सहा वर्षांची. आम्ही ठरवलं की दोघांना उपासनेत बसवायचं. पहिल्याच रविवारी धाकट्याने बाकाखालून रांगत पुढच्या रांगेतल्या काकांचे बूट ओढले, मोठी "संपलं का" असं मोठ्याने विचारत होती, आणि बायको म्हणाली की आपण प्रार्थना तरी केली का? काय करायचं?

उत्तर : पहिला रविवार असाच जातो हो, बूट परत दिले ना, मग झालं.

आता कामाचं बोलू. मागे बसू नका, पुढे बसा. सगळे आईबाप लाजेने शेवटच्या रांगेत बसतात आणि तिथून पोराला दिसतं काय तर माणसांच्या पाठी, मग ते कंटाळणारच. पुढे बसलं की वेदी दिसते, वाजवणाऱ्याचे हात दिसतात, बाप्तिस्मा असेल तर पाणी दिसतं. फक्त दाराच्या बाजूची कडेची जागा पकडा म्हणजे उठून जाता येईल.

दुसरं, अर्धी तयारी आठवड्यात करायची. रविवारी कुठली गाणी आहेत ते शुक्रवारीच विचारून घ्या आणि त्यातलं एकच घरात म्हणत राहा, आंघोळीच्या वेळी, झोपताना. प्रभूची प्रार्थना तर तीन वर्षांच्या पोराला सुद्धा पाठ होते, अर्थ कळायची वाट बघू नका, शब्द आधी तोंडात बसतात आणि अर्थ नंतर वर्षानुवर्षं झिरपत राहतो, आपलं तरी काय वेगळं झालं होतं? मग उपासनेत ते गाणं सुरू झालं की पोरगं तुमच्याकडे वळून बघतं, की अरे हे तर मला येतं! तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सहा वर्षांच्या मुलीला काम द्या. वही-पेन्सिल घ्या आणि सांगा की उपदेशात 'येशू' शब्द आला की एक रेघ मारायची, किंवा जे ऐकलंस त्याचं चित्र काढ. रेघा चुकतील, चालेल. मोबाईल मात्र देऊ नका, एकदा दिला की पुढच्या रविवारी बसल्या बसल्या तोच मागणार. धाकट्याने भोकाड पसरलं तर बाहेर घेऊन जा, पण तिथे खेळ आणि गंमत नको, शांत झाला की परत आत. बाहेर मजा असते हे एकदा कळलं की तो दर रविवारी वेळ साधून रडणार, पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात.

आणि तीन वर्षांच्या पोराने आख्खा उपदेश बसून काढलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. गाणी, प्रार्थना, वचन-वाचन होईपर्यंत आत आणि उपदेशाला नर्सरीत, हे पहिलं वर्षभर चालतं. तुमच्या बायकोचा प्रश्न मात्र खरा आहे. एका रविवारी पोरं एकाने सांभाळायची आणि दुसऱ्याने त्यांच्याकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही असं आलटून पालटून करा, आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या आजींना विचारा की धाकट्याला तुमच्या मांडीवर देऊ का, त्यांनाही आवडतं बहुतेक.

प्रश्न : माझा नवरा चर्चला येत नाही. हल्ली आमच्याकडे प्रत्येक उपदेशात "कुटुंबाचं मस्तक", "वडिलांनी घरात उपासना घ्यावी" हेच चालू असतं आणि आजूबाजूला पूर्ण पूर्ण कुटुंबं बसलेली. मी आणि माझा मुलगा एका टोकाला. आमचं कुटुंब यात बसतच नाही असं वाटतं.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी त्या सगळं-बंद-करा वाल्यांवर खरोखर चिडले. कुटुंब म्हणजे आई-बाप-पोरं आणि बापाच्या हातात बायबल, एवढंच चित्र ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी तीमथ्याचं घर बघावं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लिहिलंय की त्याची आई विश्वास ठेवणारी यहूदी होती आणि बाप ग्रीक, बापाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. पौल २ तीमथ्यात ज्यांची नावं घेतो त्या आजी लोईस आणि आई युनीके. बालपणापासून शास्त्र शिकला तो त्या दोघींकडून, आणि पुढे पौल त्याला आपलं लेकरू म्हणतो. म्हणजे घरात जी जागा रिकामी होती तिथे मंडळीतला एक माणूस येऊन उभा राहिला.

वयवार वर्गांच्या बाजूने मला सगळ्यात जड वाटणारा मुद्दा हाच. सगळं शिक्षण घरातल्या बापावर सोपवलं तर ज्याचा बाप येत नाही, ज्याला बापच नाही, जे पोरगं शेजारच्या मित्राबरोबर एकटंच चर्चला आलंय, त्याने जायचं कुठे? मार्क ३ मध्ये येशू आजूबाजूला बसलेल्यांकडे बघून सांगतो की हेच माझी आई आणि भाऊ, जो देवाची इच्छा पाळतो तो माझा. मंडळी हेच मोठं कुटुंब आहे, घर त्याच्या आत.

तुम्ही एक करा, टोकाला बसू नका. दुसऱ्या कुटुंबाला सरळ सांगा की आम्ही तुमच्या रांगेत बसतो. मुलगा मोठा होत असेल तर मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या काकांना म्हणा की याच्याशी बोलत जा, सगळ्यांच्या देखत, चर्चच्या आवारातच. आणि घरी रात्री तुम्ही प्रार्थना घेता ना, मग तुमच्या घरी उपासना होतेय, कमी काही नाही त्यात.

प्रश्न : एक फॉरवर्ड फिरतोय की ७० टक्के तरुण चर्च सोडतात आणि कारण युथ ग्रुप. खरं आहे का?

उत्तर : आकडा खरा आहे, कारण चिकटवलेलं आहे. लाइफवे रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या २००७ च्या पाहणीत असा आकडा आला होता, २०१९ मध्ये परत विचारलं तेव्हा ६६ टक्के आला. पण प्रश्न काय होता, तर शाळेत असताना प्रोटेस्टंट चर्चला नियमित जाणाऱ्यांपैकी किती जण १८ ते २२ या वयात निदान एक वर्ष नियमित गेले नाहीत. कायमचे गेले असं नाही, त्यातले बरेच नंतर परत आले. आणि २०१९ मध्ये सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण होतं कॉलेजसाठी दुसरीकडे जाणं. फॉरवर्ड करणाऱ्याला एवढं कळवून टाका.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. आमचा युथ बंद करणार म्हणतायत. तिथेच मी प्रश्न विचारू शकतो, घरी विचारलं तर लेक्चर मिळतं. प्लीज काहीतरी लिहा.

उत्तर : लिहिते बाळा. तुझ्या आईबाबांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते की प्रश्नाला लेक्चर हे उत्तर नसतं, "मला माहीत नाही, आपण बघूया" हे चांगलं उत्तर असतं. सोळाव्या वर्षी घराबाहेरचा एखादा विश्वासू मोठा माणूस लागतोच.

पण तुला पण एक सांगू का, तुमच्या युथमध्ये सगळे सोळाचेच आणि शिकवणारा दादा बावीसचा असेल तर प्रश्न खूप आणि अनुभव कमी असं होतं. पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात म्हाताऱ्यांनी, म्हाताऱ्या बायकांनी तरुणांसमोर कसं वागावं, त्यांना काय शिकवावं हे आहे. कमिटीला जाऊन सांग की युथ बंद करू नका, पण महिन्यातून एकदा साठीच्या पुढचं कोणीतरी आमच्यात येऊन बसू दे, उपदेश करायला नको, आमचे प्रश्न ऐकायला आणि स्वतःचं सांगायला. नोकरी गेली तेव्हा काय केलं, प्रार्थना ऐकली गेली नाही तेव्हा काय केलं, असं. आणि उपासनेत वाचन, वाजवणं, दारात लोकांचं स्वागत यातलं काहीतरी मागून घे. ज्याच्याकडे काम आहे त्याला मंडळी परकी वाटत नाही. हे घेऊन गेलास तर तुमचा युथ बंद करणं त्यांना जड जाईल.

प्रश्न : मी पाळक आहे. मुलं उपासनेत बसायला लागलीयेत, आता उपदेश कसा करू? मुलांसाठी सोपा केला तर मोठे कुरकुरतात, आणि एका आजोबांनी तर आवाजाची लेखी तक्रार दिली.

उत्तर : आजोबांना मत्तय २१ वाचायला द्या, मंदिरात पोरं होसान्ना म्हणून ओरडत होती आणि चिडले होते ते मुख्य याजक आणि शास्त्री. हे जरा हसत हसत द्या मात्र. आणि त्यांना ऐकू कमी येत असेल तर पुढच्या रांगेत स्पीकरजवळ जागा द्या, तक्रारीचं खरं कारण कधी कधी तेच निघतं.

उपदेश सोपा करायची गरज नाही, तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतंय का ते बघा. येत नसेल तर मोठ्यांनाही कळलेलं नसतं, ते फक्त मान हलवतात. मधे एक-दोनदा थेट मुलांकडे बघून बोला, पौलाने तेच केलं, "मुलांनो, शाळेत तुमच्यावर खोटा आळ आला तर कसं वाटतं?" एवढ्यावर सहा वर्षांचं पोर पुढची पाच मिनिटं ऐकतं. गोष्ट सांगताना तपशील गाळू नका, एहूदाची तलवार, बलामाची गाढवी, हे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं. अवघड शब्द वापरा, पण एकदा फोडून सांगा. आणि लांबी! पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, आणि बोलणारा प्रेषित असून सुद्धा. उपदेश पंचवीस-तीस मिनिटांत संपवा, उरलेली दहा मिनिटं दारात उभं राहून मुलांना त्यांच्या नावाने हाक मारण्यात घालवा, नावं पाठ नसतील तर आधी ती पाठ करा.